मद्यपीचे मूल आणि राजधर्म

गृहस्थाश्रम हा इतर आश्रमांचा आधार मानला गेला आहे. परंतु ज्या घरातील पिता मद्याच्या अधीन झाला, तेथे आधारच डळमळतो आणि त्याचा भार निरपराध बालकावर पडतो. पावलांच्या आवाजावरून पित्याची अवस्था ओळखणे, धाकट्या भावंडांना आडोशाला नेणे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत काही घडलेच नाही असे दाखविणे, हे ते नकळत शिकते. अशा बालकाची बाजू राजसभेत मांडणे हा धर्म, की घराच्या अब्रूवर घाला?

घरची गोष्ट घरात राहावी, हे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. पित्याविषयीचा आदर आणि कुळाची लाज यांनाही मोल आहे. परंतु मद्यविक्रीचा परवाना शासन देते आणि तिच्यावरील कर राजकोषात जमा होतो. उत्पन्नाचा वाटा घेणाऱ्याने परिणामाचा वाटा नाकारावा, हे न्यायाला धरून नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदानेही मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ घरचा उरत नाही.

महाराष्ट्रात या विचाराला स्त्रियांनी वाट करून दिली. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. पुढे गावातील दुकानाचा निर्णय मतदानाने करण्याची सोय झाली. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. मुलाला मात्र मत नसते; मातेच्या मतातच त्याचे मत. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली व २०२१ मध्ये उठली. अवैध धंद्यात स्त्रिया आणि मुलेही ओढली जातात, हे ती उठविण्याचे एक कारण सांगण्यात आले. बंदी मागताना मुलांचे नाव आणि उठविताना मुलांचेच नाव! यावरून मुलाचे नाव घेणे आणि मुलाचे हित पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.

ब्रिटनमध्ये लियम बर्न या संसद सदस्याने, जो स्वतः मद्यासक्त पित्याचा पुत्र, २०१७ मध्ये अशा मुलांसाठी जाहीरनामा पुढे आणला. निरनिराळ्या पक्षांचे सदस्य त्याच्यासोबत होते. २०१८ मध्ये तेथील शासनाने या मुलांच्या साहाय्यार्थ साठ लाख पौंडांची योजना घोषित केली. येथे मागणीच्या केंद्रस्थानी दुकान नव्हते, मूल होते. दुकान बंद झाले तरी पित्याचे व्यसन त्याच दिवशी सुटत नाही. आणि दुकान चालू राहिले तरी मुलाचा हक्क संपत नाही. पित्याला उपचार, मातेला आधार, मुलाला विश्वासाने बोलता येईल असा शिक्षक आणि संकटाच्या रात्री सुरक्षित जागा, इतके तरी कोणत्याही धोरणात असावयास हवे.

अशी मागणी करणे म्हणजे पितृद्रोह नव्हे. पित्याचा द्वेष मुलाला शिकवू नये. व्यसन वेगळे आणि पिता वेगळा, हा विवेक त्याला द्यावा. जो त्याची बाजू मांडतो, त्यानेही आपल्या मनाची परीक्षा करावी. मुलाचे दुःख सभेत दाखवून स्वतःची कीर्ती वाढविणे हे सकाम कर्मच होय. गीतेने सांगितलेला लोकसंग्रह फलाच्या आसक्तीवाचून करावयाचा असतो. शेजारच्या घरातील भेदरलेले मूल दिसत असता अब्रूच्या नावाखाली दार लावून घेणे, हे मात्र कोणत्याही गृहस्थाला शोभणारे नाही.