पाण्याचे इंद्रिय

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ज्या ग्रंथावर आपली बुद्धी घासून शहाण्या झाल्या, त्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त रसनेंद्रियाचा विषय अगदी थोडक्यात आटोपलेला आहे. घ्राण पृथ्वीचे, नेत्र तेजाचे, त्वचा वायूची, श्रोत्र म्हणजे आकाशच, तशी जिभेच्या अग्रावर वसणारी रसना ही पाण्याची, जलीय, असे तो सांगतो. आणि शिवाय पाण्याचा स्वतःचा रस केवळ मधुर असून आंबट, खारट, कडू, तिखट, तुरट हे बाकीचे सारे पृथ्वीच्या संसर्गाने येतात, अशीही पुस्ती जोडतो. आधुनिक शरीरशास्त्राला यातले काही मान्य होणार नाही हे उघड आहे. तथापि ज्याने पाणी चाखावयाचे ते इंद्रिय पाण्याचेच असले पाहिजे, या कल्पनेत जो विचार दडलेला आहे तो शरीरशास्त्राच्या कक्षेतला नाही. आणि भंडारा जिल्ह्यातून मोटारीने, वाटेत मिळेल ते खात आणि विचारील त्याच्याशी बोलत केलेल्या एका भ्रमंतीत तो माझ्या मनात जितका रुजला, तितका तो पाठांतराच्या वयात कधीच रुजला नव्हता.

हा जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्वेकडे, समुद्रापासून फार दूर. पण काठ म्हणून जी एक गोष्ट असते, जिथे जमिनीचा आणि पाण्याचा हिशेब रोज नव्याने मांडला जातो, ती इथे गावोगाव आहे. वैनगंगा आहे, आणि तलाव तर इतके आहेत की लाखनीहून साकोलीकडे आणि तिथून दक्षिणेस लाखांदुराकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बाजूस पाळ आणि दुसऱ्या बाजूस धानाच्या बांध्या, ही जोडी फारशी सोडून जातच नाही. कार्तिक सरत आलेला, धान कापून पडलेले, आणि जेवायला बसावे त्या घरी नव्या तांदळाचा भात.

या भ्रमंतीत माझ्यासोबत एक जुना वाद होता. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना जी पत्रे लिहिली, त्यांत अस्वाद हे एक व्रत म्हणून मांडले आहे: अन्न औषधासारखे घ्यावे, शरीराला हवे म्हणून आणि हवे तेवढे, जिभेला रुचते म्हणून नव्हे. वर्धा जिल्ह्यात, पवनारला, विनोबांनी हे व्रत नुसते सांगितले नाही, जगून दाखवले. तेव्हा विदर्भात वाढलेल्या माणसाला त्याची टवाळी करणे शोभत नाही. शिवाय त्याला शास्त्राचा आधारही भरभक्कम आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, उपवासाने बाकी सर्व विषय दूर झाले तरी रुची तेवढी मागे रेंगाळते, अशी कबुलीच दिलेली आहे. आणि वेदान्ताच्या पाठशाळांत तर अन्नमय कोश हा पहिला जिना, चढून गेल्यावर मागे टाकायचा, असाच शिकवला जातो. माझे म्हणणे असे की जो चाखत नाही तो काहीएक जाणतही नाही, आणि हे जे न जाणणे आहे त्याला वैराग्य म्हणण्यात आपण फार घाई केली आहे.

भाताचेच घ्या. इथला चिन्नोर हा सुवासिक, बारीक, मऊ तांदूळ. वैनगंगेच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात बालाघाटचा चिन्नोर आणि खाली भंडाऱ्याचा चिन्नोर, दोहोंना सरकारने वेगवेगळी भौगोलिक मानांकने देऊन एका नदीच्या खोऱ्याची वाटणी केली आहे, ती करणाऱ्यांना लखलाभ असो. परंतु या भाताच्या चवीत जे पाणी आहे ते आपोआप साठलेले नव्हे. चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाच्या लोकांनी, उताराचा अंदाज केवळ डोळ्यांनी घेऊन, मातीच्या पाळी घालून ते अडवले. त्या समाजाचे पूर्वज राजाने काशीहून आणले अशी आख्यायिका इंग्रजी अमदानीतल्या दप्तरांतही नोंदलेली सापडते. पुढे बंदोबस्ताच्या वेळी मौजे मालगुजारांच्या नावे झाले आणि तलावही 'मालगुजारी' ठरले. पण त्याच बंदोबस्तात वाजिब-उल-अर्ज नावाचे एक कागदपत्र तयार झाले, ज्यात गावच्या रयतेचा निस्तार, म्हणजे कोणी कुठून पाणी घ्यावे, गुरे कुठे पाजावीत, लाकूडफाटा कुठला न्यावा, याचे हक्क कलमवार लिहून ठेवले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, आणि ती संपली हे योग्यच झाले; मात्र पाळीची माती कोणी टाकायची आणि गाळ कोणी काढायचा, हा मालगुजाराच्या धाकाने का होईना पण चुकता होणारा हिशेब त्या गडबडीत बेवारस झाला. गाळाने उथळ झालेल्या तलावाखालची बांधी शेवटच्या पाण्याला मुकते आणि दाणा भरत नाही. हे मला कोण्या अहवालाने नव्हे, तर साकोलीकडच्या एका घरी वाढणाऱ्या बाईंनी, 'औंदाचा तांदूळ तसा नाही जी,' असे ओशाळून म्हणत सांगितले. घास तोंडात होता; फरक, थोडासा, मलाही कळला.

आता याच तलावाची दुसरी दोन अपत्ये पाहा. कार्तिकात शिंगाडा निघतो. ढिवर लोक पाण्यात छातीइतके उतरून, वेल उलथून, ते काळेहिरवे काटेरी फळ काढतात. आणि ज्या जाळ्याटोपल्यांतून ते बाजारात येते त्यांच्याच शेजारी मरळ, रोहू आणि झिंगे असतात. एकाच चिखलात दोहोंचे मूळ, दोहोंना हात लावणारी माणसे एकच, परंतु एकादशीला शिंगाड्याचे पीठ चालते, मासळीचे नाव काढलेले चालत नाही, आणि गंमत अशी की ज्या भातावर हा सारा प्रदेश जगतो तो भातसुद्धा त्या दिवशी वर्ज्य. मी पाळीवर बसलेल्या एका वृद्ध ढिवराला याचे कारण विचारले. त्यांनी मला वेड्यात काढले नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा. म्हणाले, 'उपास मानसाचा रायते जी, बोडीचा नाही.' बोडी म्हणजे तिकडचे लहान तळे. धर्मशास्त्राचे निबंधकार आहारशुद्धीवर पानेच्या पाने लिहून गेले; पण शुद्धी ही वस्तूत आहे की संकल्पात, या मुद्द्यावर इतक्या थोड्या शब्दांत निकाल दिलेला माझ्या वाचनात नाही.

निबंधकारांचा विषय निघालाच आहे तर तो अर्धवट सोडणे बरे नव्हे. ज्या हातांनी रोवणी केली, धान कापले, मळले, त्या हातांचा विटाळ कोरड्या धान्याला कधी लागत नसे. तो लागे धान्याला पाणी मिळाल्यानंतर. तांदूळ कोणाच्याही घरचा चाले, भात चालत नसे. म्हणजे भेदाचे जे सूक्ष्म विष आपल्या समाजाने जोपासले, त्याचे वाहन त्याने पाण्याला केले, जे शास्त्रानुसार केवळ मधुर! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा तो जसा नागरी हक्काचा प्रश्न होता, तसाच माझ्या मते तो एक तत्त्वज्ञानाचा प्रश्नही होता, आणि ते चाखणे हे त्याचे उत्तर होते. हेच बाबासाहेब १९५४ साली या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तलावांच्या या जिल्ह्याने ती संधी गमावली. पुढे दोनच वर्षांनी नागपूरला धर्मांतर झाले, आणि भंडाऱ्याच्या कितीतरी गावांतून लोक त्या दीक्षेच्या वाटेने गेले.

तैत्तिरीयोपनिषदात अन्नाची जी व्युत्पत्ती सांगितली आहे ती भाविकांना फार गोड वाटत नसावी, कारण ती क्वचितच कोणी समजावून सांगते: जे खाल्ले जाते ते अन्न, आणि जे खाते तेही अन्न. धानाच्या कापणीआधी, बांधी ओली असतानाच, उभ्या पिकात लाखोळी फेकतात. नांगर नाही, खत नाही, भाताच्या उरल्या ओलीवर ती येते आणि गरिबाला तिची डाळ मिळते. परंतु दुष्काळात जेव्हा महिनोन्महिने दुसरे काही मिळत नाही आणि नुसत्या लाखोळीवर दिवस काढावे लागतात, तेव्हा तीच डाळ पाय लुळे करून टाकते. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी त्या बंदीविरुद्ध उपोषणे केली. प्रमाणात, इतर अन्नाबरोबर, ती निर्धोक आहे असा त्यांचा आग्रह होता, आणि अखेर महाराष्ट्रात ती बंदी उठली. अन्नासाठी अन्न सोडून बसणारा हा गृहस्थ उपनिषदाच्या ऋषींना आवडला असता असे मला वाटते.

मोहाचेही तसेच. चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली ती मांसल, पिवळसर फुले बायका वेचतात, वाळवतात, आणि वर्षभर त्यांतून अन्नही निघते आणि मद्यही. एका गोंड घरी मला तिळाबरोबर कुटलेल्या मोहफुलांचे लाडू मिळाले. गुळाहून गडद, किंचित उग्र, जिभेवर बराच वेळ राहणारी ती गोडी होती. यजमानांनी आपल्यापुरते जे दुसरे काढले त्याचे पहिले थेंब त्यांनी जमिनीवर सोडले, पितरांसाठी आणि देवासाठी, आणि मी नको म्हटल्याचा राग मानला नाही. पितरांना पाजल्यावाचून न पिणारा माणूस आणि दुकानाच्या मागल्या दाराशी एकटा पिणारा माणूस यांत मी भेद करतो. पण त्या भेदावर काव्य रचण्याचा मोह, शब्द क्षम्य असावा, आवरतो. कारण लाखांदुराच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो, आणि तिथे १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, दीर्घ आंदोलनानंतर. त्या बायकांना खाणारे अन्न म्हणजे काय हे भाष्य वाचून कळलेले नव्हते.

पवनीला पोचलो तेव्हा हा विचार एका अनपेक्षित ठिकाणी येऊन ठेपला. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या सुमारास नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात एक प्रचंड स्तूप उजेडात आला. तिथल्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे, जो पावसाच्या झडीत ध्यानस्थ बुद्धावर फणा धरून राहिला. ज्या पंथाने पंचशीलात मद्याचा निषेध केला आणि भिक्षूला दुपारनंतर भोजन वर्ज्य केले, तो जिभेचा वैरी असावा अशी आपली समजूत. परंतु त्या पंथाच्या संस्थापकाचे चरित्र दोन जेवणांच्या मध्ये उभे आहे. उपवासाने हाडांचा सापळा झालेल्या गौतमाने सुजातेची खीर, तांदूळ आणि दूध, स्वीकारली, आणि त्यानंतर त्याला बोधी झाली. वृद्धपणी चुन्द नावाच्या लोहाराने वाढलेले अन्न त्याला बाधले, आणि त्यानंतर परिनिर्वाण झाले. महापरिनिब्बान सुत्तात असे आहे की चुन्दाला लोकांनी दोष देऊ नये म्हणून मरणोन्मुख तथागताने आनंदाला निरोप सांगितला: ज्ञान देणारे ते अन्न आणि मृत्यू देणारे हे अन्न, दोन्ही दानांचे पुण्य सारखेच. अन्नाला इतक्या पूर्णपणे क्षमा केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आणि ही क्षमा करणारा माणूस आपल्याला काय वाढले आहे हे न जाणता जेवत होता असेही नव्हे, कारण उरलेले अन्न दुसऱ्या कोणास न वाढता पुरून टाकण्यास त्याने चुन्दाला त्याच बैठकीत सांगितले होते. अस्वादव्रती इथे मला निरुत्तर झालेला दिसतो.

वरुणाचा पुत्र भृगू याची कथाही शेवटी हेच सांगते. पाण्याच्या देवतेकडे तो ब्रह्म म्हणजे काय हे विचारायला गेला, तप करीत राहिला, आणि अन्न, प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत आनंदापाशी पोचला. व्याख्याने बहुधा इथेच संपतात. पण उपनिषद संपत नाही. आनंद सापडल्यानंतर ते पुन्हा खाली उतरून अन्नाची व्रते सांगू लागते: अन्नाची निंदा करू नये, ते टाकू नये, ते पुष्कळ पिकवावे, दारी आलेल्याला परत लावू नये. आणि मध्येच, जणू भंडाऱ्याकडे पाहून, पाणी हेही अन्नच आहे असे म्हणते. जिना मागे टाकायचा होता तर चढून गेलेला माणूस परत का आला?

माझी फेरी आंभोऱ्याला संपली. वैनगंगेला इथे कन्हान आणि लहान नद्या मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वर आहे, आणि मराठीत अद्वैताचे पहिले सविस्तर निरूपण करणाऱ्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० मध्ये इथेच रचला गेला, असे विदर्भातली परंपरा मानते, अंबेजोगाईचे लोक काहीही म्हणोत. खाली गोसीखुर्द धरणाचे पाणी पसरले आहे, ज्याची कोनशिला १९८८ साली बसली आणि ज्याच्याखाली कित्येक बांध्या आणि गावे गेली. काठावर एका बाईंनी तिथलीच मासळी रांधून वाढली. मीठमसाला चोख होता, तरी मागे एक मातकट, जड चव राहिली, आणि मी विचारण्याच्या आधीच त्यांनी सांगितले की मासळी नदीची असली तरी रश्श्याचे पाणी त्या हातपंपावरून आणतात.

कारण शोधायला दूर जावे लागत नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून इथे येते. मी नागपूरचा. घरी मी अस्वादव्रत पाळले काय आणि न पाळले काय, माझ्या ताटातून मोरीत गेलेले पाणी पुढे कोणाच्या जिभेवर उतरते हे मला तिथे कळण्याचा संभव नव्हता. त्यासाठी इथे येऊन जेवावे लागले. ज्या तैत्तिरीय आरण्यकाच्या नवव्या प्रपाठकात भृगूची कथा आहे, त्याच्याच पहिल्या प्रपाठकात पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असे निर्बंध घातलेले आहेत. कोश आणि ब्रह्म यांवर भाष्ये लिहिणाऱ्या आचार्यांना ते निर्बंध किरकोळ आचारधर्म वाटले असावेत, कारण त्यांवर वाद झाल्याचे ऐकिवात नाही. आंभोऱ्याच्या त्या बाईंना ते वाचून दाखवले असते तर वादाची गरज त्यांनाही भासली नसती. त्यांनी फक्त विचारले असते की हे नागपुरात कोणी वाचले नाही काय.