वाचविलेले पाणी कोणाचे?

शेतीचे पाणी कमी करून ते शहरास, कारखान्यास अथवा अन्य कामास द्यावे किंवा न द्यावे, हा प्रश्न जालना जिल्ह्यात केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. सन २०१२-१३ च्या अवर्षणात येथील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, आणि त्याच दिवसांत जालना शहरातील लोक टँकरची वाट पाहत बसले. तहानलेल्यास आधी द्यावे ह्याविषयी दुमत नाही. परंतु त्याखालचा क्रम कोणता? राज्याच्या सन २००३ च्या जलनीतीत पिण्यामागून उद्योग व त्यामागून शेती होती. सन २०११ मध्ये शेती वर आली व उद्योग खाली गेले. जो क्रम आठ वर्षांत फिरतो तो सृष्टीचा नियम नव्हे. तो माणसांनी ठरविला आहे, म्हणून तो न्याय्य आहे की नाही हे विचारण्याचा अधिकार खेड्यातील माणसासही आहे.

पाणी मोकळे करण्याचे मार्ग अनेक सांगितले जातात. त्यांपैकी पहिला कालव्याची गळती थांबविण्याचा. पैठण येथील जायकवाडीच्या जलाशयातून नळाने जालना शहरास पाणी येते, आणि त्याच जलाशयाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड, घनसावंगीकडून परभणीकडे जातो. कालव्यातून पाझरले ते वाया गेले, असे हिशेबाचा कागद म्हणतो. पण त्यातील पुष्कळसे पाणी खालच्या विहिरींत उतरलेले असते. उन्हाने उडून गेले ते पाणी खरोखर गेले. विहिरीत उतरले ते मात्र शेजाऱ्याच्या पोहऱ्यात आले. कालवा पक्का करण्यापूर्वी त्या शेजाऱ्यास कोणी विचारले काय?

दुसरा मार्ग ठिबक सिंचनाचा. जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोटाची कामे करून, पावसाचे पाणी अडवून व ठिबक वापरून द्राक्षांच्या बागा उभ्या केल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. तो उद्योग स्तुत्य आहे. तथापि ठिबकाने वाचलेले पाणी बहुधा शेताबाहेर जात नाही. धनी तेच पाणी आणखी दोन एकरांस लावतो. तसेच, आपले शेततळे पावसाच्या पाण्याने भरणे ही एक गोष्ट, आणि विहिरीचा उपसा करून भरणे ही दुसरी. भूमीच्या पोटातील पाणी सर्वांचे असते. ते एकाच्या तळ्यात साठविले म्हणजे त्यास काटकसर म्हणता येत नाही.

तिसरा मार्ग पीक बदलण्याचा. उसाच्या जागी तूर किंवा हरभरा आला तर पाणी खरोखर उरते, कारण पीकच कमी पिते. परंतु येथे एक गोष्ट बहुधा विसरली जाते. शेतातून पाणी गेले की त्याबरोबर खुरपणीची व तोडणीची मजुरीही जाते. जमिनीच्या धन्यास भरपाई मिळेल. ज्याच्या नावे एक गुंठाही नाही, त्याच्या बुडालेल्या रोजाची नोंद कोणत्या वहीत होणार?

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक प्रामाणिक यत्न महाराष्ट्रात होऊन गेला आहे. सन १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातील माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, व कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर. भूमिहीनासही वाटा धरला, आणि ऊस वर्ज्य केला. पाणी हे जमिनीचे शेपूट नव्हे, हे तत्त्व तेथे शब्दांत न राहता व्यवहारात उतरले.

वाचकबंधूंनो, आमच्या मते न्यायाची कसोटी ही: पिण्याच्या पाण्यासाठी कोणी कोणापाशी सौदा करू नये. पण कारखान्यास पाणी हवे असेल तर त्याने आधी शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरावे. जालन्यातील लोखंडाच्या कारखान्यांस यंत्रे थंड करण्यास गोडेच पाणी पाहिजे असे नाही. त्यावरही शेताचे पाणी घ्यावे लागलेच, तर त्याचे मोल धन्यास व मजुरास दोघांसही मिळावे. आणि हा करार पाणी पुरेसे असताना व्हावा. दुष्काळात केलेला करार हा बलवानाचा हुकूम असतो.

ह्यास्तव पुढील ग्रामसभेत पाण्याची गोष्ट निघेल तेव्हा किती पाणी वाचेल एवढेच विचारून खाली बसू नका. वाचविले कोणी, नेले कोणी, आणि ज्याचा रोज बुडाला त्यास काय मिळाले, हेही उभे राहून विचारा.