हे सगळे मुलांसाठीच ना?



कुटुंबभेटीला घरोघरी गेलो की एक वाक्य आम्हां धर्मगुरूंच्या कानावर हमखास पडते: "फादर, आम्ही हे सगळे मुलांसाठीच करतो." बाप आखातात किंवा बोटीवर आहे, तो मुलांसाठी. आई नोकरी करून घर सांभाळते, ती मुलांसाठी. क्लासच्या फीसाठी पतपेढीचे कर्ज काढले, तेही मुलांसाठीच. या वाक्यात खोटे काही नाही. घाम खरा आहे, त्यागही खरा आहे. तरीही आपल्या चांगल्या कृत्यांचीसुद्धा अधूनमधून तपासणी करावी, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. म्हणून आज आपण विचारूया: 'मुलांसाठी' म्हणजे नेमके काय?

रत्नागिरीला हा प्रश्न नवीन नाही. आपला जिल्हा चाकरमान्यांचा. २०११ च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर आपल्या जिल्ह्यात ११२२. इथे मुली जास्त जन्मतात असे नव्हे. कमावते पुरुष गाव सोडून गेलेले असतात. पिढ्यानपिढ्या कोकणातल्या बापाने आपले प्रेम मनिऑर्डरीने पाठवले. त्याला बेजबाबदार कोण म्हणेल? तेव्हा अंतर हा दोष नव्हे. दुबईत असलेला बाप मुलाच्या मनाजवळ असू शकतो आणि एकाच खोलीत बसलेला बाप कोसभर दूर असू शकतो.

दोष आत शिरतो तो वेगळ्या वाटेने. आपल्या कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात सर्वाधिक लागत आला आहे. २०२५ साली तो ९८.८२ टक्के होता, राज्याचा ९४.१० टक्के. आपल्याला याचा अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे नापास झालेले एखादे लेकरू किती एकटे पडत असेल? जिथे पास होण्याचे कौतुक उरत नाही, तिथे ८० टक्के मिळवणाऱ्यालाही घरी जाताना पाय जड होतात. शेजारच्या मुलाला ९३ मिळालेले असतात. अशा वेळी "आम्ही तुझ्यासाठी इतके केले" हे वाक्य प्रेमाचे राहत नाही, ते वसुलीचे होते.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली नीतीचा एक नियम मांडला: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे असे मानून वागावे. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. मुलाने म्हातारपणी आधार द्यावा, घराण्याचे नाव राखावे, ही अपेक्षा पाप नव्हे. पण आपले अपुरे राहिलेले स्वप्न पुरे करण्याचे, नातेवाइकांत मान मिळवण्याचे ते केवळ साधन झाले, की 'मुलांसाठी' या शब्दाचा अर्थ 'आमच्यासाठी' असा होतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी आईवडिलांच्या देखरेखीला जणू आध्यात्मिक उदराची उपमा दिली आहे. उपमेचा आपण थोडा पुढे विचार करूया. उदर बाळाला राखते, पोसते. पण ते बाळाला कायमचे धरून ठेवण्यासाठी नसते, जन्म देण्यासाठी असते. मूल आपल्या स्वाधीन केलेले आहे, आपल्या मालकीचे नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो. मरिया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून जातात. तो सोबतच्या लोकांत असेल असे ते धरून चालतात. आज आपणही तसेच धरून चालतो: मुलगा त्याच्या खोलीत आहे, म्हणजे घरातच आहे. पण हातातल्या मोबाइलमधून तो कुठे आहे, कोणासोबत आहे? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतिसिया' या पत्रात पालकांना हेच बजावले होते, की मूल शरीराने कुठे आहे यापेक्षा ते मनाने, ध्येयाने कुठे आहे हे जाणून घेणे अधिक महत्त्वाचे.

मरिया आणि योसेफ यांनी काय केले? ते परत फिरले, तीन दिवस शोधत राहिले. सापडल्यावर आईने आपले दुःख स्पष्ट बोलून दाखवले. मुलाचे उत्तर त्यांना समजले नाही, तरी त्यांनी ते ऐकून घेतले आणि मरियेने सर्व काही अंतःकरणात जपले. नंतर येशू त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. "मग मुलांना वाटेल तसे वागू द्यायचे का?" असे विचारणाऱ्यांसाठी उत्तर इथेच आहे. ऐकून घेतल्याने आईवडिलांचा अधिकार कमी होत नाही. उलट न ऐकता गाजवलेला अधिकार मुलाला खचवतो. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात बापांना याच धोक्याची जाणीव करून दिली आहे.

म्हणून या आठवड्यात एक छोटी गोष्ट करूया. रात्री रोझरी झाली की दहा मिनिटे सगळ्यांचे मोबाइल बाजूला ठेवूया, आईबाबांचेसुद्धा. मुलांना अभ्यास आणि मार्क सोडून काहीही विचारूया. बाहेरगावी असलेल्या वडिलांनीही फोनवर पहिला प्रश्न निकालाचा विचारू नये. आणि एक वाक्य मुलांना निकालाच्या आधीच ऐकू द्यावे: "काहीही झाले तरी आधी घरी ये, आम्हांला सांग." मूल गप्प गप्प राहत असेल, जेवणखाण, झोप बिघडली असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्यावे. धर्मगुरूंचे दारही उघडे आहेच.

मुलांसाठी आपण पुष्कळ केले आहे. आता मुलांजवळ थोडे बसूया. नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या घरांसाठी विनंती करो.