खचलेल्यांनी केलेला समेट

खचलेल्या माणसाला ख्रिस्ती घरांत एक सल्ला हमखास मिळतो: तुझी प्रार्थना कमी पडते आहे, विश्वास वाढव. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्या ग्रंथाच्या आधारावर तो बोलतो, त्या ग्रंथातली निराशेची हकीकत निराळी आहे. पहिल्या शतकाच्या मध्याला पौलाने करिंथच्या मंडळीला दुसरं पत्र लिहिलं. त्याच्या पहिल्याच अध्यायात तो सांगून टाकतो की आशिया प्रांतात आपल्यावर इतकं ओझं पडलं, की जगण्याचीसुद्धा आशा राहिली नव्हती. ज्या मंडळीला तो हे लिहितो, तिच्याशीही त्याचं बिनसलेलं आहे. मागची भेट दुःखाची झाली, मधलं एक पत्र त्याने डोळ्यांतून पाणी गाळत लिहिलं. आणि याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की देवाने ख्रिस्ताच्या द्वारे जगाशी स्वतःहून समेट केला, आणि तीच सेवा आपल्या हाती सोपवली.

हा विचार मांडणारा माणूस त्या वेळी स्वतः मोडलेला होता. आधी मनाला उभारी येईल, मग भांडण मिटवायला निघू, असा क्रम पौलाने ठेवला नाही. मला तरी समेटाच्या ख्रिस्ती विचाराचं बळ इथेच दिसतं.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात हा विचार अधिक अवघड होतो. वेदीपाशी दान घेऊन आलेल्याला येशू सांगतो की ते तिथेच ठेवून आधी भावाकडे जा. वाचताना एक तपशील आपण सहज ओलांडून जातो. राग भावाच्या मनात आहे, दान आणणाऱ्याच्या नाही. ज्याच्याविषयी तक्रार आहे, त्यानेच उठून चालू लागायचं. पुढची अनेक शतकं चर्चने क्षमेवर पुष्कळ शिकवलं, पण ती बहुधा दुखावलेल्याला शिकवली: सोसून घे, विसरून जा. दुखावणाऱ्याने चालून जायचं, हा भाग मागे पडला.

मराठीत तो भाग जिवंत पाहायचा तर टिळकांच्या घरात डोकवावं. नारायण वामन टिळक 1893 साली आगगाडीने प्रवास करत असताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी काय सोडलं याची गोष्ट आपण आदराने सांगतो. पण त्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं काय गेलं, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळेच आपल्याला कळतं. नवरा जिवंत, तरी संसार उठलेला. पदरात लहान मुलगा दत्तू. माहेर-सासरच्यांची दया आणि बोलणी दोन्ही वाट्याला आलेली. पुढे त्या टिळकांजवळ नगरला राहायला आल्या, तेव्हाही सोवळं सुटलं नव्हतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा-बायको इतकी जवळ, आणि मधे तांब्याभर पाण्याची भिंत.

इथे तक्रार लक्ष्मीबाईंची होती, म्हणून चालत जायचं काम टिळकांचं होतं. स्वभावाने ते तापट आणि लहरी, पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या पायांनी, आपल्या विचाराने वाट काढली. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि उत्तर सापडल्यावर कोणाच्याही हातचं पाणी प्यायला त्या तयार झाल्या. 1900 साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. जी शिवाशिव नवरा-बायकोच्या आड येत होती, तीच गावकुसाबाहेरच्या माणसाच्याही आड येत होती. एक सुटली तेव्हा दुसरीही सुटली. पतीपत्नीच्या समेटाने समाजातली दुही गाठली, ही या विचाराची मोठी मजल मी मानतो. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मृत्यूने अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. स्वतः टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, ही त्यामागची आस.

तोवर आमच्या तेलुगू मुलखात हाच विचार दुसऱ्या वाटेने चालला होता. 1910 मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरायांनी भर सभेत विनवणी केली: तुम्ही आम्हांला दान दिलंत, श्रम दिलेत, आता मित्र द्या. मिशनरी उपकार करतो पण बरोबरीने बसत नाही, ही सल त्या शब्दांत होती, आणि ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना ती झोंबली. 1912 मध्ये ते तेलुगू मुलखातल्याच दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. मे 1919च्या आरंभी त्रंकबार इथे त्यांनी आणि इतर भारतीय पाळकांनी चर्चांच्या एकीचं आवाहन काढलं. त्याच महिन्याच्या 9 तारखेला मुंबईत टिळक गेले.

त्या एकीला अठ्ठावीस वर्षं लागली. अडत होतं ते पाळकांच्या दीक्षेवर: बिशपने हात ठेवला नाही तो पाळक खरा की नाही? वाटाघाटी कितीदा तरी तुटायला आल्या. शेवटी असं ठरलं की जे आहेत ते सगळे पाळक जसे आहेत तसे स्वीकारायचे, पुढच्या दीक्षा बिशपांच्या हातून व्हायच्या, आणि तीस वर्षांत दोन्ही पद्धती एकात मिसळू द्यायच्या. कोणालाही पुन्हा दीक्षा घ्यायला, म्हणजे आधीचं खोटं होतं असं कबूल करायला, लावायचं नाही. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं, ते अझरायांना पाहता आलं नाही. 1 जानेवारी 1945 रोजी ते वारले होते. आमचा जुना आदिलाबाद जिल्हा या चर्चच्या मेदक धर्मप्रांतात आला.

1950 मध्ये या चर्चने प्रभुभोजनाचा नवा विधी तयार केला, आणि त्यात केरळच्या सीरियन परंपरेतली एक कृती घेतली. अर्पणाच्या आधी पाळक शांती देतो. देणाऱ्याचा उजवा तळवा घेणाऱ्याच्या उजव्या तळव्याला लागतो, दोघांचे डावे हात त्यांवर मिटतात, आणि ती शांती माणसामाणसांतून शेवटच्या बाकापर्यंत जाते. मत्तयातला क्रम असा हातांत उतरला: आधी समेट, मग दान.

मला वाटतं, आमच्या मंडळ्या आज इथेच अडल्या आहेत. शांती शेजारच्याला दिली जाते, आणि शेजारी बहुधा आपलाच बसलेला असतो. तेलंगणातल्या ख्रिस्ती मंडळ्या मुख्यतः माला आणि मादिगा समाजांतून उभ्या राहिल्या. दोघांनी वरच्या जातींचा अपमान सोसला, तरी एकमेकांत सोयरीक करताना आजही हात आखडतो. राहुरीत 1900 साली जो प्रश्न एका बाईने सोडवला, तो लग्नाच्या बोलण्यात अजून तसाच उभा राहतो.

आणि याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, निर्मलहून चाळीसेक किलोमीटरवर भैंसा आहे. तेलुगू, मराठी, उर्दू एकाच बाजारात बोलणारं कापसाचं गाव. 2008, 2020 आणि 2021 मध्ये त्याने दंगली पाहिल्या. तो हिंदू-मुसलमानांचा वाद, आपण त्यात नाही, असं म्हणून ख्रिस्ती माणूस बाजूला राहू शकतो. मला हे पटत नाही. दंगलीनंतर दोन्ही मोहल्ल्यांत ज्यांच्यासाठी दार उघडतं अशी माणसं फार थोडी उरतात, आणि त्यांत शाळेतली बाई किंवा दवाखान्यातली नर्स असते. कित्येकदा ती ख्रिस्ती असते. तिने दोन्हीकडे जावं, दुकान जळालेल्याचं आणि पोरगा अटकेत असलेल्याचं, दोघांचंही ऐकून घ्यावं. आपल्याने काय होणार, असं तिला वाटणारच. ते तसं वाटत असतानाच तिने जावं, आणि मंडळीने तिला एकटीला पाठवू नये.