अनाम आधार

खडवली येथे आमची जी थोडी कुटुंबे आहेत, त्यांपैकी एका घरी गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी प्रार्थनेस गेलो होतो. त्या घरच्या पुरुषाने मला एक गोष्ट सांगितली, आणि तिला मी जे उत्तर दिले त्याची मला अद्याप लाज वाटते.

हा मनुष्य हंगामात विटांच्या भट्टीवर कामास जातो. आमच्या भागात भट्टी ह्या शब्दाचे दोन अर्थ होतात, व त्याची दोन्ही भट्ट्यांशी ओळख होती. आठवड्याची खर्ची हाती आली की ती घरी पोचण्यापूर्वी संपत असे. बायकोच्या कानांतले गेले, मग भांडी गेली. परंतु त्या दिवशी त्याला दारू सोडून सात महिने झाले होते. मी आनंदाने म्हणालो, "प्रभूने तुम्हांला सोडविले, त्याची स्तुती करू या." त्यावर तो म्हणाला, "पाळकसाहेब, तसे मला म्हणवत नाही. कल्याणला संध्याकाळी आम्ही ज्या खोलीत बसतो, तिथली दहा-बारा माणसे माझ्याहून मोठी आहेत. त्यांच्यापुढे मला खोटे बोलता येत नाही. सध्या माझा देव तेवढाच."

मी निर्गमाचा विसावा अध्याय उघडला व पहिली आज्ञा वाचली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्या बायकोने चहाचे पेले उचलले. त्यानंतर कित्येक महिने तो माझ्या दृष्टीस पडला नाही.

त्या खोलीविषयी वाचकांस थोडे सांगितले पाहिजे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ह्या नावाची ही संगत १९३५ साली अमेरिकेत ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातील गृहस्थ व डॉक्टर रॉबर्ट स्मिथ हे दोघे मद्यपी एकमेकांशी बोलत बसले, आणि बोलत असेपर्यंत पिण्यावाचून राहता येते असे त्यांस आढळले. दोघांचाही संबंध फ्रँक बुकमन ह्या लूथरन पाळकाच्या चळवळीशी आला होता; तेव्हा हे रोप आपल्याच वाडीतले आहे. परंतु १९३९ साली त्यांनी आपले बारा पायऱ्यांचे पुस्तक काढले, त्या वेळी त्यांच्यात देवाला न मानणारेही होते. त्यांच्यासाठी, आपल्याहून मोठी अशी एक शक्ती, आणि ज्याला जसा समजेल तसा देव, अशी शब्दयोजना करण्यात आली. १९५७ साली ही संगत मुंबईत आली. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण काढले, तेथेही सर्व धर्मांची माणसे येतात व एकत्र बसतात.

आता आपले उपदेशक बंधू विचारतील की, ज्याला जसा समजेल तसा देव, ही मूर्तिपूजाच नव्हे काय? प्रश्न खोटा नाही. मीही तोच विचारला होता. परंतु त्याआधी दुसरा एक प्रश्न आपण आपल्या मंडळीस विचारावयास हवा होता. ह्या मनुष्याचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला आहे. प्रभूची प्रार्थना त्याला प्यालेला असतानाही चुकत नसे. नाव त्याला ठाऊक नव्हते असे नाही. मग जे त्या नावाने झाले नाही, ते दहा-बारा परक्या माणसांनी कसे झाले?

पुष्कळ दिवस मला ह्याचा उलगडा होईना. शेवटी त्याच्या बायकोने केला, तोही सहज, तांदूळ निवडता निवडता. ती म्हणाली, "चार वेळा शपथ घातली त्याला. चारही वेळा पवित्र शास्त्रावर हात ठेवून." मला त्या चारही वेळा आठवल्या, कारण दोनदा शास्त्र माझ्याच हातात होते. पंच बसलेले, सासरा बसलेला, आणि हा मनुष्य येशूच्या नावाने जन्मभराचे वचन देत आहे! एकदा ते वचन आठ दिवस टिकले, एकदा तीन. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले व भिंतीवर नसलेली माणसे दिसू लागली, तेव्हा भिऊन घरच्यांनीच त्याला थोडी पाजली. (वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर असे होते, व त्यात प्राणही जाऊ शकतो. अशा माणसास आधी डॉक्टरांकडे न्यावे. प्रार्थना वाटेत करता येते.)

ज्या नावाने मनुष्याने चार वेळा खोटे वचन दिले, ते नाव त्याच्या जिभेवर कसे यावे? आम्ही त्याला अविश्वास म्हणत होतो, आणि ती होती लाज. किंबहुना त्या नावाचा मान आमच्यापेक्षा त्यालाच अधिक होता. पाचव्यांदा ते विटाळण्याची त्याची तयारी नव्हती. शपथच वाहू नका, असे प्रभूने डोंगरावर सांगितले. ते आम्ही दरसाल वाचतो, आणि दारुड्याला मात्र शपथ घालतो. कल्याणच्या खोलीत त्याच्याकडून जन्मभराचे काही मागितले नाही. आजचा दिवस, एवढेच. आपणही भाकर आजच्यापुरतीच मागतो.

तेव्हा तो ज्याला देव म्हणतो तो देव आहे काय? नाही. ते मी आजही म्हणेन. ती माणसे आहेत, त्यांच्यापैकी एखादा उद्या पुन्हा पिईल, आणि बायकोच्या कानांतल्याचा जो अपराध त्याच्या उरावर आहे त्याची क्षमा करण्याचा अधिकार त्या खोलीला नाही. शिवाय कोणतीही शक्ती चालेल, दाराची मूठसुद्धा चालेल, असे काही लोक म्हणतात ते मला पटत नाही. दाराची मूठ कोणाला खोटे पाडीत नाही. जे आपल्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावते ते आपणच असतो, आणि दारुड्याला तेवढ्या एका देवापासून सुटावयाचे असते. आमचे वारकरी शेजारी माळ घालतात व दारू सोडतात. ती माळ त्यांना अडविते म्हणूनच तिचा उपयोग. ह्या मनुष्याच्या दहा-बारा जणांत तेवढा गुण आहे. ते त्याला ओळखतात, आणि ओळखूनही बसावयास जागा देतात. आमच्या मंडळीत त्याला चांगला दिसून यावे लागत असे.

योहानाच्या पाचव्या अध्यायातील तो अडतीस वर्षांचा रोगी आठवावा. तो उठला, बाज उचलली व चालू लागला. लोकांनी विचारले, तुला कोणी बरे केले? त्याला ठाऊक नव्हते. प्रभू गर्दीतून निघून गेला होता. नाव सांगावयास थांबला नाही. पुढे मंदिरात प्रभूनेच त्याला गाठले. मध्यंतरीच्या त्या काळात तो मनुष्य बरा नव्हता असे कोण म्हणेल? आमच्या भातसा नदीचे पाणी मुंबईस जाते. तिकडे लाखो लोक नळाखाली ओंजळ धरतात व त्यांना भातसा ठाऊक नाही. म्हणून नदी काही आटत नाही. अर्थात ह्यावरून नदीचे नाव सांगूच नये असे मी म्हणत नाही. सांगण्याकरिताच मला नेमले आहे. परंतु ज्याचा घसा कोरडा पडला आहे त्याची ओंजळ धरून नाव विचारणे, हे मी त्या दिवशी केले.

मी त्याच्या घरी पुन्हा गेलो व माझी चूक कबूल केली. तो काही बोलला नाही. पण स्टेशनापर्यंत पोचवावयास आला.

गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास एक विधवा बाई आपल्या मुलाची हकिकत घेऊन माझ्याकडे आली. मुलगा पंचवीस वर्षांचा. तिने शास्त्र बरोबर आणले होते, पदरात गुंडाळून, शपथेसाठी. मी ते तिच्यापाशीच राहू दिले व खडवलीस निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला डॉक्टरांकडे नेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी जाऊ दिल्यावर, संध्याकाळी आम्ही तिघे खडवलीच्या फलाटावर उभे होतो. ते दोघे टिटवाळा, आंबिवली, शहाड करीत कल्याणला जाणार, आणि मी गावात परतणार. मुलाचे हात कापत होते. मी त्या मनुष्यास विचारले, "प्रार्थना करू काय?"

तो रुळांकडे पाहून म्हणाला, "करा. पण गाडी यायच्या आत आटपा."