दुर्बळाचे शहाणपण

आश्रय घेणे ही भित्रेपणाची खूण मानावी की शहाणपणाची? एका लहानशा प्राण्यामुळे हा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला. हायरॅक्स हे त्याचे नाव. हिब्रू बायबलात तो 'शाफान' म्हणून येतो. आपल्या देशात तो आढळत नाही. आफ्रिकेत आणि पश्चिम आशियातील कोरड्या, खडकाळ प्रदेशांत त्याची वस्ती असते.

लेवीय पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात शाफानाला अशुद्ध ठरविले आहे. मात्र नीतिसूत्रांच्या ३० व्या अध्यायात आगूर जेव्हा पृथ्वीवरील चार लहान परंतु शहाण्या जीवांची नावे घेतो, तेव्हा मुंगी, टोळ आणि पाल यांच्या पंक्तीला शाफानही बसतो. मुंगीचे शहाणपण आपल्याला पटते. ती वेळीच साठा करते. शाफान काय करतो? तो दुर्बळ आहे आणि खडकात घर करतो, एवढेच! यात शहाणपण ते कोणते?

त्याचे जीवन जवळून पाहिले म्हणजे उत्तर सापडू लागते. आकाराने तो सशाएवढा. वजन साधारण २ ते ५ किलो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हत्ती हा त्याचा जवळचा नातलग. परंतु हत्तीचे बळ त्याच्या वाट्याला आलेले नाही. बीळ खोदण्याजोगी नखे त्याला नाहीत. शरीराची ऊबही त्याला नीट राखता येत नाही. म्हणून गारठ्यात ही मंडळी एकमेकांना बिलगून बसतात आणि सकाळी खडकावर ऊन खात पडून राहतात. तळवे मात्र मऊ आणि ओलसर, निसरड्या कड्यालाही घट्ट धरणारे. कळप चरत असताना एखादा उंचावर बसून पहारा करतो. गरुडाची चाहूल लागताच तो इशारा देतो आणि क्षणार्धात सारे कपारीत दिसेनासे होतात.

ती कपार त्यांनी कोरलेली नसते. खडक आधीपासूनच तेथे असतो. आपले बळ किती हे ओळखणे आणि जे आपण निर्माण केले नाही त्यावर विसंबणे, हेच शाफानाचे शहाणपण होय.

मग कर्तृत्वाचे काय, असे कोणी विचारील. परंतु शाफान कपारीत कायमचा दडून बसत नाही. तसे केले तर तो उपाशी मरेल. रोज तो बाहेर पडतो, चरतो, पिलांना वाढवितो. आश्रय आहे म्हणूनच बाहेर पडण्याचे धैर्य त्याला लाभते.

मृत समुद्राच्या काठी एन-गेदी येथे आजही शाफान दिसतात. शौल राजा जिवावर उठला तेव्हा दावीद याच परिसरातील गुहेत लपला होता. गल्याथाला लोळविणारा हा वीर! त्याला भित्रा कोण म्हणेल? त्याच गुहेत शौल एकटा त्याच्या हाती सापडला. दावीदाने केवळ त्याच्या झग्याचा काठ कापला आणि त्याला जिवंत जाऊ दिले. स्वतः आश्रयाने जगणाऱ्यालाच दुसऱ्याच्या जिवाचे मोल उमगले असावे, असे आम्हांस वाटते.

आपल्या घरांत मात्र 'कोणापुढे हात पसरायचा नाही' हे वाक्य आपण भूषण म्हणून मिरवितो. त्यापायी म्हातारे वडील छातीतले दुखणे मुलांपासून लपवितात. कर्जात बुडालेला तरुण रविवारच्या मिस्साला हसतमुखाने येतो आणि रात्री छताकडे पाहत जागतो. हा स्वाभिमान नव्हे. आपण दुर्बळ आहोत हे मान्य करण्याची ही भीती आहे, आणि खरा भित्रेपणा कोठे असेल तर तो येथे आहे.

पण दोष एकट्या त्यांचाच का मानावा? कपारच नसेल तर शाफानाने धावावे कोठे? ज्याने मन मोकळे केले त्याची गोष्ट आठवडाभरात गावभर होत असेल, तर पुढचा मनुष्य तोंड उघडणार नाही. आश्रय मागण्यास नम्रता लागते. आश्रय होण्यास मुकेपणाने सोसण्याची तयारी लागते. खडक कपारीत शिरलेल्याची झडती घेत नाही.