खरे नाव कोणते ?

कचेरीच्या नित्य व्यवहाराने आम्हां नोकरवर्गाच्या मनावर एक संस्कार पक्का झालेला असतो : सहीवाचून कागदाला किंमत नाही. निनावी अर्ज दप्तरी दाखल करावा, त्यावर कार्यवाही करू नये. हा न्याय योग्यच आहे. परंतु स्त्रियांच्या साहित्यालाही तोच लावावा काय ?

येथे बंगळुरात आल्यावर आम्हांला कळले की, कन्नड साहित्यात काव्यनाम हे भूषण आहे. मराठी मातृभाषेच्या द. रा. बेंद्रे यांनी तर आईचे नाव गुंफून 'अंबिकातनयदत्त' हे नाव घेतले. त्यांना कोणी जाब विचारला नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले, तेव्हा मात्र निराळे घडले. शिकल्यासवरल्या, मिळवत्या मुलींची घुसमट मांडणाऱ्या त्या कथांवर वादळ उठले आणि 'ही विभावरी शिरूरकर कोण ?' याचाच शोध सुरू झाला. इटलीतही तेच दिसते. एलेना फेरान्ते या टोपणनावाने १९९२ पासून कादंबऱ्या येत आहेत. २०१६ साली एका पत्रकाराने पैशाच्या आणि मालमत्तेच्या व्यवहारांचा माग काढून लेखिका कोण ते जाहीर केले. एरवी असा तपास गुन्हेगाराचा होतो !

कोणी म्हणेल, ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' स्वतःच्या नावानिशी छापली. मग इतरांनी का लपावे? पण ते पुस्तक पुढे विस्मृतीत गेले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. नाव दिले म्हणजे म्हणणे ऐकले जाते, असे नाही.

अर्ज एका विशिष्ट माणसावर आरोप करतो. त्याला आरोप करणाराची उलटतपासणी करण्याचा अधिकार आहे. कथेची गोष्ट वेगळी. तिची साक्ष वाचकाला स्वतःच्या घरातच काढता येते. लेखिकेचे नाव विचारणारा पुष्कळदा ही साक्ष काढण्याचे टाळीत असतो.

आणि खरे नाव तरी कोणते म्हणावयाचे ? विभावरीबाई माहेरच्या बाळूताई खरे, सासरच्या मालती बेदरकर नव्हे, बेडेकर. १९०६ साली 'उना दोन्ना', म्हणजे 'एक स्त्री', ही कादंबरी लिहिणाऱ्या सिबिल्ला अलेरामो यांचे पाळण्यातले नाव मार्ता फेलिचिना फाच्चो. लग्नानंतर आडनाव नवऱ्याचे. त्या काळच्या कायद्याने मुलावरचा अधिकार बापाचा होता. नवऱ्याचे घर सोडताना त्यांना मुलगाही सोडावा लागला. नवऱ्याची ही कायदेशीर सत्ता इटलीत १९७५ साली संपली.

पहिले नाव बापाने दिले, दुसरे नवऱ्याने. स्वतः निवडले ते एकच, आणि आपण त्यालाच खोटे म्हणतो ! बदलीच्या गावी आमच्या दारावर आमच्याच नावाची पाटी लागते. त्या दाराआड किती म्हणणे सहीवाचून दप्तरी दाखल झाले असेल, याची चौकशी आम्ही कधी केली आहे काय ?